नाय म्हाराजा

साऱ्या मालवण तालुक्यात देवळातल्या गाऱ्हाण्याला "नाय म्हाराजा" असं उत्तर देणारा माणूस आजवर एकच जन्माला आला, आणि तो माझ्या आतेचा धाकटा दीर निघाला. आमच्याकडचं गाऱ्हाणं ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना या वाक्यातली खळबळ कळायची नाही, म्हणून थोडं सांगतो. देवासमोर गावाचा मानकरी उभा राहतो आणि साऱ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलतो. बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांची सेवा गोड मानून घे, काय चुकलामाकला असात तर पोटात घाल, असं एकेक वाक्य तो ठेक्यात सांगतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेली झाडून सगळी माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्या गावची मुलं बोलायला लागायच्या आधी हे म्हणायला शिकतात. मानकरी काय बोलला ते ऐकावं लागतं अशी कोणाची समजूतच नसते, त्याचा आवाज खाली उतरला की आपला चढवायचा एवढंच ठाऊक. त्या वर्षी मानकऱ्यानं सांगितलं की पाऊस बरा झाला, दर्यानं मासळी दिली, आणि वरच्या वाडीची नि खालच्या वाडीची माणसं एका चित्तानं नांदतात. या तिसऱ्या वाक्यावर, साठसत्तर "व्हय"च्या मधोमध, एक स्वच्छ आणि सावकाश "नाय म्हाराजा" ऐकू आला. मानकरी जागच्या जागी थिजला, कारण "नाय"च्या नंतर काय म्हणायचं ते त्याच्या आज्यानं त्याला शिकवलं नव्हतं. खरी गोष्ट अशी होती की दोन वाड्या विहिरीच्या पाण्यावरून चार महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. आतेचे हे दीर, म्हणजे आमचे काका, मानकऱ्याला एवढंच म्हणाले, "देवाक खोटा सांगून काय फायदो? विहीर तेका हयसून दिसता." मग देवाच्या पुढ्यातच दोन्ही वाड्या तासभर कडाकडा भांडल्या आणि शेवटी विहिरीचे दिवस वाटून घेऊन थकून बसल्या. मानकऱ्यानं गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. ते वाक्य आलं तेव्हा सगळ्यांनी वळून काकांकडे पाहिलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि "व्हय म्हाराजा" म्हणाले, तेव्हा कुठे प्रसाद वाटला गेला.

हे काका माझे सख्खे कोणी नव्हेत, पण लहानपणापासून माझ्या आतेच्या ओटीवर त्यांना बघत आलो. बंदर खात्यात त्यांची नोकरी होडी तपासायची. दर्याला उधाण असलं की होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, आणि श्रावणात नारळ वाहून त्या पुन्हा पाण्यात घालायच्या आधी काकांकडून पास करून घ्याव्या लागत. बाकीचे तपासनीस होडीभोवती एक फेरी मारून सही करून मोकळे होत. काकांची रीत वेगळी. ते होडीवाल्याला होडीच्या आत पाणी भरायला लावत, घागरींनी, दोन-दोन हात. मग स्वतः होडीखाली वाळूत उताणे पडून फळ्यांच्या फटींकडे बघत राहत. पाणी बाहेरून आत कुठून येईल हे दर्यात कळण्यापेक्षा आतून बाहेर कुठून येतं ते वाळूत बघावं, असा त्यांचा हिशेब. एकदा गावातल्या एका मोठ्या माणसाची कोरी करकरीत होडी, हार घातलेली, नारळ फोडलेली, पाण्यात उतरायला सज्ज, आणि काका म्हणाले घागरी आणा. मालक संतापला, बायका घागरी आणून आणून दमल्या, भटजी उन्हात उभे राहिले, आणि तासाभरानं नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, खालच्या सांध्यातून एक थेंब नेमका काकांच्या कपाळावर पडला. ते तसेच पडून राहिले, दुसरा थेंब येतो का ते बघायला. फटीत कापूस आणि राळ भरून होडी पास झाली, तेव्हा त्यांनी पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन नाळेवर एक ठिपका दिला. हा ठिपका म्हणजे त्यांची खरी सही. कागदावरच्या सहीपेक्षा होडीवाले चुन्याच्या ठिपक्यावर जास्त विसंबत, आणि पुढल्या पावसापर्यंत तो धुतला जाऊ नये म्हणून काही जण त्याच्यावर तेल लावून ठेवत.

होड्या बारा महिने मिळत नाहीत, तेव्हा उरलेल्या दिवसांत काका जे समोर येईल ते तपासत. बोटाच्या पेरानं ठोकायची त्यांना सवय होती. नारळ, भिंत, दार, पेटी, दुसऱ्याची काठी, सगळं ठोकून त्याचा आवाज कान देऊन ऐकत. त्यांचं लग्न झालं नाही ते या ठोकण्यापायीच. जामसंड्याला मुलगी बघायला गेले होते. मुलगी पोहे घेऊन आली, आणि काकांनी तिच्याकडे बघण्याआधी डोक्यावरची तुळई ठोकली आणि मुलीच्या बापाला सांगितलं की ही आतून पोखरली आहे, हिच्याखाली कोणाला बसवू नका. बापाला वाटलं, हा आमच्या घराला नावं ठेवतो. पोहे तसेच राहिले. पुढच्या वर्षी ती तुळई खरोखर मोडून खाली आली, पण खाली कोणी नव्हतं, कारण मुलीनं हट्ट करून माजघर रिकामं करायला लावलं होतं. तिच्या बापाचं आभाराचं कार्ड आलं. तोवर मुलगी आरोंद्याला नांदत होती. आते हे सांगताना दर वेळी कपाळाला हात लावायची आणि काका दर वेळी म्हणायचे की पोरगी शहाणी होती.

ऐकून घेणं हा प्रकार त्यांच्या स्वभावात नव्हता, समजून घेणं मात्र पराकोटीचं होतं. आतेच्या घरी बॅटरीचा रेडिओ आला तेव्हा बातम्या सांगणाऱ्यालाही काका उत्तरं देऊ लागले. एक बातमी झाली की "व्हय," दुसरी झाली की "समाजला नाय," आणि बातम्या देणारा समजावून न सांगता पुढे गेला की त्याच्या शिक्षणाबद्दल शंका. आंबोलीला जाणाऱ्या एस्टीत त्यांनी घाट लागण्याआधी ड्रायव्हरला ब्रेक कसा लागतो ते विचारलं. ड्रायव्हर भला माणूस होता, त्यानं खाली उतरून दाखवलं. त्यांचा प्रश्नावर प्रश्न येत राहिला, गाडी पाऊण तास उशिरा वर पोचली आणि उतरताना काकांनी ड्रायव्हरच्या हातावर पानाचा विडा ठेवला. मला वाटतं, असल्या माणसाचा राग येत नाही याचं कारण एकच, तो तुमची चूक काढायला आलेला नसतो. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं असतं.

गोवा मोकळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मी मुंबईत एका संशोधन संस्थेत नोकरीला होतो. तिथे एका मोठ्या थंड दालनात कॉम्प्युटर नावाचं यंत्र बसवलेलं होतं आणि आम्ही चार जण त्या यंत्राला कामं सांगायची एक सोपी भाषा तयार करत होतो. माझी नेमणूक हंगामी होती. माझ्याकडे त्या भाषेत एक नवी सोय घालण्याचं काम होतं. ती चालली तर नोकरी पक्की, नाहीतर सोय रद्द आणि बहुतेक मीही रद्द, असं आमच्या प्रमुखांनी फार गोड शब्दांत सांगितलं होतं. यंत्राचे तास ठरवून मिळत. माझे सहा तास पुढच्या महिन्यातल्या एका बुधवारी होते, त्यानंतरची पाळी थेट प्रमुखांच्या निर्णयानंतर. आणि नेमकी मला कावीळ झाली. डॉक्टरांनी तीन आठवडे रजा लिहून दिली, आणि कावीळ आणि पेज या दोन्ही विषयांत आमच्या घराण्यात आतेचाच शब्द शेवटचा असल्यामुळे मी मालवणची बोट धरली. बरोबर पिशवीत रुंद, घडीच्या कागदावर छापलेला माझा सगळा मजकूर होता, त्यातला नवा भाग साडेचारशे ओळींचा. तो तिघा सहकाऱ्यांनी तपासून शेवटच्या पानावर सह्या केल्या होत्या. मला फक्त एकदा शांतपणे नजर घालायची होती. पिवळ्या डोळ्यांनी मी ओटीवर ते कागद उलगडून बसलो, आतून बांगड्याच्या तिखल्याचा वास येत होता आणि समोर बिनमिठाची पेज होती. काका येऊन शेजारी बसले, कागद बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "ह्या काय ता?"

त्यांना टाळता येतं असं मला अजून वाटत होतं. मी म्हणालो, यंत्राला फक्त आकडे कळतात. माणसानं आपल्या शब्दांत लिहिलेलं काम या आकड्यांत फिरवून देणारा एक मोठा प्रोग्रॅम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. तो म्हणजे आपला एक दुभाषी समजा. काकांचे डोळे चमकले. त्यांनी विचारलं, दुभाषी बसतो कुठे. मी म्हणालो, तो माणूस नव्हे, हे कागद म्हणजेच तो. मग त्यांनी मला आरोंद्याच्या खाडीपलीकडची गोष्ट सांगितली. गोव्यात पोर्तुगीज असताना इकडच्या एका शेतकऱ्याची म्हैस पोहत पलीकडे गेली. तिकडच्या अंमलदारापुढे त्यानं दुभाष्यामार्फत अर्धा तास रडून कैफियत सांगितली. दुभाष्यानं अंमलदाराला दोन शब्द सांगितले. अंमलदार बराच वेळ बोलला. दुभाषी शेतकऱ्याला म्हणाला, म्हैस मिळणार नाही. काकांना तेव्हापासून एकच गोष्ट छळत होती, अंमलदार खरोखर काय बोलला. "दुभाष्या बरोबर सांगता काय नाय ता कोण बघता?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, तेच बघायचं काम घेऊन मी आलोय. काकांनी मांडी घातली, पानाचा डबा बाजूला ठेवला आणि म्हणाले की चल तर, लाव गाऱ्हाणा.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हा उद्योग सुरू झाला. मी एक ओळ वाचायची, ती यंत्राला काय करायला सांगते ते मालवणीत फोडून सांगायचं, आणि काकांना कळलं तर त्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कळलं नाही तर "नाय." "नाय" आला की त्याच ओळीवर थांबायचं, ती कळेपर्यंत. पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत आमच्या अकरा ओळी झाल्या. माझं रक्त आधीच पिवळं झालं होतं, ते आता तापू लागलं. पण चौथ्या दिवसापासून एक नवल होऊ लागलं. काकांना समजावण्यासाठी ओळ फोडताना मलाच ती पहिल्यांदा समजल्यासारखी वाटू लागली. इतके दिवस त्या ओळी माझ्या नुसत्या ओळखीच्या होत्या. काकांचे प्रश्नही साधे, पण आरपार जाणारे. हा आकडा इथून उचलून तिथे ठेवला, मग तिथला आधीचा आकडा कुठे गेला? या वाटेनं कोणी आलंच नाही तर दार उघडं राहतं की बंद? मुंबईत आम्ही मोठमोठ्या विषयांवर बोलायचो, हे असलं कोणी विचारत नसे. माझी उत्सुकता जागी झाली आणि कावीळ मी विसरूनच गेलो. आते म्हणायची, उसाच्या रसानं गुण आला.

आते आत भाकऱ्या थापता थापता, माझा आवाज खाली उतरला की नकळत "व्हय म्हाराजा" म्हणायची आणि काका तिला दटावायचे की वहिनी, कळलं नसेल तर बोलू नका. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर, म्हणजे आमच्याकडचा ख्रिस्ती पाववाला, पहिल्या दिवशी बाहेर सायकल थांबवून गुपचूप उभा राहिला, छातीवर क्रूस केला आणि आतेला हळूच विचारलं की घरात कसला नवस आहे. आतेनं सांगितलं की हे मुंबईच्या यंत्राचं गाऱ्हाणं. त्यानंतर तो फाटकापासून घंटी न वाजवता यायचा, पाव कट्ट्यावर ठेवायचा आणि जाताना त्या छापील कागदांकडे आदरानं बघायचा. एक दिवस त्यानं काकांना विचारलं की यंत्राला काय झालंय. काकांनी सांगितलं की अजून काही झालेलं नाही, होऊ नये म्हणून चाललंय. हे त्याला पटलं.

जायला तीन दिवस राहिले आणि आम्ही नव्या सोयीच्या गाभ्यापाशी आलो. ती सोय अशी होती. आमच्या भाषेत "हे काम इतक्या वेळा कर" अशी फेरी सांगता येत असे. पण एका फेरीच्या पोटात दुसरी फेरी सांगता येत नव्हती. बाहेरची फेरी तीन वेळा, आणि तिच्या प्रत्येक खेपेला आतली फेरी चार वेळा, असं सांगायची मुभा मी देत होतो. यंत्रावर गणितं करणाऱ्यांना हीच हवी होती. त्या सकाळी माझा घसा बसला होता म्हणून की त्यांना काही सुचलं होतं म्हणून, कोण जाणे, पण काका म्हणाले की आज उलटं करूया. आता त्यांना अक्षरं आणि आकडे सरावाचे झाले होते. इतके दिवस मी वाचत होतो, आता काका वाचू लागले आणि "व्हय" म्हणायचं काम माझ्याकडे आलं. ओटीवर ऊन आलं होतं, काका आमच्या मानकऱ्याच्याच ठेक्यात वाचत होते, आणि मी डोळे अर्धे मिटून प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. सहासात ओळी गेल्या. मग काकांनी त्याच ठेक्यात म्हटलं, "आणि म्हाराजा, ह्या यंत्राच्या पोटात एक ताजो बांगडो घाल."

मी म्हणालो, "व्हय म्हाराजा."

आतून आते खदखदून हसली. काका हसले नाहीत. त्यांनी कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले, होडीखाली पडून फटीकडे बघत तसे. मी शरमलो. मला एकदम त्या शेवटच्या पानावरच्या तीन सह्या आठवल्या. त्यातल्या एकानं बोलता बोलता सही केली होती, एकानं चहाचा कप हातात धरून. तिघांनी मिळून चाचणीला घेतलेलं उदाहरण एकच, आणि त्यात बाहेरची फेरी एकदाच घालायची होती. काका उठले. म्हणाले, "वाचून काय कळाचा नाय. चलान बघूया."

अंगणात तुळशीचं वृंदावन होतं आणि पलीकडे एक माड. तुळशीभोवतीची फेरी ती बाहेरची, माडाभोवतीची ती आतली, असं काकांनी ठरवलं. माडाच्या बुंध्याशी त्यांनी एक करवंटी ठेवली. मी कागद घेऊन ओटीवर बसलो आणि ओळी वाचू लागलो, त्या जसं सांगतील तसं काका चालायचे. पहिल्या काही ओळींनी सांगितलं की आतल्या फेरीचा मोजणीचा आकडा चार ठेव. काकांनी चार खडे वेचून करवंटीत टाकले. पुढची ओळ म्हणाली, बाहेरची फेरी सुरू कर. काकांनी तुळशीला एक फेरी मारली आणि माडाकडे गेले. माडाला एक फेरी, एक खडा करवंटीतून काढून टाकला. दुसरी फेरी, दुसरा खडा. पासष्टीचा माणूस, धोतराचा काचा खोवलेला, चारही फेऱ्या नीट पुऱ्या केल्या. करवंटी रिकामी झाली तेव्हा कागदानं सांगितलं की बाहेरच्या फेरीत परत जा. काका तुळशीकडे गेले, दुसरी फेरी मारली आणि पुन्हा माडाशी येऊन उभे राहिले. खाली वाकून करवंटीत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"रे झिला, करवंटी रिकामी," ते म्हणाले. "आता खडे कोण भरतलो?"

मी म्हणालो, ते आपोआप भरले जातात. काकांनी विचारलं, आपोआप म्हणजे कोण. मी कागदावर शोधू लागलो. खडे भरायची ओळ होती, पण ती बाहेरच्या फेरीच्या वर होती. ती एकदाच व्हायची. बाहेरची फेरी दुसऱ्यांदा आली की आतल्या फेरीला करवंटी रिकामी दिसणार, आणि ती काहीही न करता पुढे जाणार, निमूट, कुठली तक्रारही न करता. माझ्या दुभाष्यानं म्हशीची कैफियत दोन शब्दांत उरकली असती. बुधवारी यंत्र चुकीचं उत्तर देणार होतं, प्रमुख मान हलवणार होते, आणि माझी मुंबई संपणार होती.  मी म्हणालो, "काका, ह्या मी सगळ्यांका दाखयला होता. माका पण दिसाक नाय." काका अंगणातून ओटीपाशी आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दिसतला कसा? तू होडीच्या बाहेर उभो हस."

ती एक ओळ खाली आणायची म्हणजे अमुक ओळीवर जा असं सांगणारे पुढचे सगळे क्रमांक बदलायचे होते. उरलेले दोन दिवस आम्ही तेच केलं, आणि प्रत्येक बदल काकांनी अंगणात चालून बघितला. तीन बाहेरच्या फेऱ्या, बारा आतल्या, करवंटी दर खेपेला भरलेली. पोदेरही एकदा उत्साहानं दोन फेऱ्या घालून गेला. शनिवारी सकाळी मी बोटीवर चढायला निघालो तेव्हा काकांनी पिशवीतून कागद काढायला लावले, पानाचा डबा उघडला आणि त्या तीन सह्यांच्या खाली चुन्याचा एक ठिपका दिला. तो वाळेपर्यंत फुंकर घालत बसले आणि माझी बोट चुकता चुकता राहिली.

मुंबईत बुधवारी प्रमुखांनी कागद उलटेसुलटे केले आणि ठिपक्याकडे बोट दाखवून विचारलं, हा डाग कसला. मी म्हणालो, तपासनिसाची सही आहे.  यंत्रानं बारा ओळी छापल्या, एकही कमी नाही, आणि मला नोकरीत ठेवलं. मी त्या बारा ओळींचा कागद काकांना टपालानं पाठवला. आठ दिवसांनी त्यांचं कार्ड आलं, लिहिताना ते नेहमी कचेरीतली मराठी वापरत. "बारा आले हे वाचून समाधान वाटले. तथापि पाच आणि सात करून पाहिलेस काय?" मी पाहिलं नव्हतं. ते कार्ड ठेवून मी तसाच संस्थेत गेलो आणि करून बघितलं. पस्तीस आले, आणि मी अर्धा दिवस उगाचच आनंदात होतो.

पुढे तीन वर्षं माझं जाणं झालं नाही. गेलो तेव्हा जत्रेचे दिवस होते आणि देवळात मी काकांच्या शेजारी उभा राहिलो. मानकऱ्यानं गाऱ्हाणं धरलं. प्रत्येक वाक्याला काका सगळ्यांच्या बरोबर, अगदी ठेक्यात, "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मला पहिल्यांदा गंमत वाटली. मग माझ्या लक्षात आलं की ते मानकऱ्याकडे बघतच नव्हते, समोरच्या माणसांच्या ओठांकडे बघत होते. मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि विचारलं. ते लहान मुलासारखे ओशाळले. "आता काय ऐकाक येणा नाय रे माका," ते म्हणाले. "सगळे म्हणतत, म्हणान मीय म्हणतंय."  ज्या माणसानं एक ओळ कळेपर्यंत मला अर्धा दिवस बसवलं होतं, तो न कळलेल्या ओळींना हो म्हणत उभा होता आणि त्याला त्याची लाज वाटत होती.

मी त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि मानकरी सांगेल ते वाक्य, जसंच्या तसं, मोठ्यानं सांगू लागलो. गावाचं "व्हय म्हाराजा" होऊन जायचं, मग माझं सांगणं, मग काकांचा विचार, आणि मग त्यांचा एकट्याचा "व्हय म्हाराजा." साऱ्या देवळात तो वेगळा ऐकू यायचा. पहिल्या एकदोन वाक्यांना मानकरी घाईनं पुढे गेला, मग त्यालाही काय चाललंय ते उमजलं आणि तो थांबू लागला. दोन्ही वाड्या एका चित्तानं नांदतात हे वाक्य आलं. मी ते कानात सांगितलं. काकांनी मला विचारलं, खरं का. मला गावात येऊन दोन दिवसही झाले नव्हते, मी म्हणालो, माका म्हायत नाय. तेव्हा त्यांनी पलीकडे उभ्या असलेल्या खालच्या वाडीच्या एका गृहस्थाला हातानं विचारलं, विहीर? त्यानं मान डोलावून दोन्ही हात जुळवून दाखवले. मग काका म्हणाले, "व्हय म्हाराजा," आणि मानकरी पुढे गेला.

मी मुंबईला परतल्यावर कानात सांगायचं काम त्याच गृहस्थानं आपणहून घेतलं. दोन वर्षं त्यानं ते केलं असं आतेनं मला कळवलं. मग काका गेले. मी त्यांच्या शेवटाला पोचलो नाही, आणि याचं वाईट मला कायम वाटत राहील.

गेल्या जत्रेला मी देवळात होतो. मानकरी तोच आहे. त्यानं एक वाक्य म्हटलं, सगळं गाव "व्हय म्हाराजा" म्हणालं, आणि तो थांबला. कोणाकडे न बघता, अर्धा श्वासभर. मग पुढचं वाक्य, आणि पुन्हा तसाच थांबला. नव्या पोरांना वाटतं, गाऱ्हाण्याची रीतच अशी आहे. मी दर वेळी त्या थांबण्यात वाक्य पुन्हा एकदा मनाशी म्हणून बघितलं, आणि कळलं तेव्हाच, गावाच्या मागून, हळू आवाजात हो म्हणालो.